अकराव्या तासाचे मजूर

बालाघाटाहून बैहरकडे जाणारा रस्ता घाट चढून पठारावर आला, की वाटेवर उकवा हे मँगनीजच्या खाणीचे गाव लागते. गोंड आणि बैगा यांची जुनी वस्ती, तिच्या जोडीला खाणीच्या निमित्ताने ठिकठिकाणांहून आलेली मजूरमंडळी, हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी या भाषांची एकाच बाजारात होणारी सरमिसळ, आणि या सर्वांच्या दिनक्रमावर मॉइल या सरकारी कंपनीच्या भुयारी खाणीची पाळीमागून पाळी मोजणारी सत्ता, असे या गावाचे स्थूल स्वरूप आहे. अशा गावात न्यायाची कल्पना माणसाला प्रथम हजेरीपटावरून कळते. जितक्या पाळ्या भरल्या तितकी मजुरी, आणि गैरहजर राहिला त्याच्या नावापुढे फुली; याहून सरळ हिशेब जगात दुसरा नाही, आणि तो बिघडला तर काम बंद पाडण्याचा हक्क मजुराला आहे, हेही त्याला पुरते ठाऊक असते.

येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दृष्टान्त मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटेच मजूर ठरवायला बाहेर पडतो आणि दिवसाला एक दिनार या बोलीवर काही जणांना कामाला लावतो. पुढे तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला तो पुन्हा नाक्यावर जातो आणि रिकामे उभे असलेल्यांना मळ्यात धाडतो. दिवस मावळायला अवघा एक तास उरला असताना, म्हणजे अकराव्या तासालाही, कोणी कामावर न घेतलेले काही जण त्याला आढळतात आणि त्यांनाही तो पाठवून देतो. सायंकाळी मालक कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगतो, तीही उलट्या क्रमाने. अकराव्या तासाला आलेल्यांच्या हातावर पुरता दिनार पडतो, आणि ते पाहून आपल्याला अधिक मिळणार अशी आशा धरून बसलेल्या पहाटेच्या मजुरांच्या हातावरही तोच एक दिनार पडतो. ते कुरकुर करतात. मालक त्यांना एवढेच विचारतो, की ठरल्या बोलीत मी काही कमी केले आहे काय, आणि माझे औदार्य तुमच्या डोळ्यांत का सलावे.

उकव्याच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगितली, तर ऐकणारे मालकाच्या विरुद्ध उभे राहतील, आणि जो उभा राहणार नाही त्याने ती लक्ष देऊन ऐकली नाही असे खुशाल समजावे. कारण मजुरीचा न्याय म्हणून पाहिले, तर हा मालक चक्रम तरी आहे किंवा पक्षपाती तरी. परंतु ही गोष्ट मजुरीचे दर ठरवण्यासाठी सांगितलेली नसून ईश्वर माणसाशी कोणत्या हिशेबाने वागतो हे दाखवण्यासाठी सांगितलेली आहे. आणि माणसाचे तारण त्याच्या कृत्यांनी होत नाही, ते ईश्वरी कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे होते, हा जो ख्रिस्ती धर्मातला मध्यवर्ती आणि बाहेरच्या माणसाला सर्वांत अधिक खटकणारा सिद्धान्त, त्याचे बीज या मळ्यात पडलेले आहे.

सिद्धान्ताची रीतसर मांडणी केली ती प्रेषित पौलाने. हा मूळचा तार्सस नगरीचा शौल, यहुदी धर्मशास्त्रात मुरलेला आणि परूशी पंथाच्या काटेकोर आचाराचा अभिमान बाळगणारा पंडित. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या धर्मजीवनाची जमेची बाजू स्वतःच मांडली आहे : आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष वर्तन. आणि ही सारी जमा आपण तोटा म्हणून खर्ची टाकली, असे तो त्याच दमात सांगतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तर तो थेट मजुरीचीच भाषा वापरतो. काम करणाऱ्याला मिळते ते त्याचे येणे असते, त्याला कोणी कृपा म्हणत नाही. म्हणून अब्राहाम नीतिमान ठरला तो केलेल्या कामाचा मोबदला म्हणून ठरला नसून, ईश्वराच्या वचनावर त्याने भरवसा टाकला तोच त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा धरला गेला, असे त्याचे प्रतिपादन आहे. यामागे न्यायालयाचे एक चित्र आहे. आरोपी दोषी आहे, पुरावा पूर्ण आहे, आणि तरीही न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतो. मात्र तो गुन्ह्याकडे डोळेझाक करत नाही, कारण शिक्षा ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतः भोगलेली आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात याच विचाराचे सूत्र येते, की हे तारण देवाचे दान आहे, कोणी बढाई मारू नये म्हणून ते कृत्यांवर अवलंबून ठेवलेले नाही.

विश्वास म्हणजे अमुक मतांना मान डोलावणे, असा समज पुष्कळ ख्रिस्ती लोकांचाही असतो. पौलाला अभिप्रेत असलेला विश्वास हा दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवून देण्याचा प्रकार आहे, आणि म्हणून त्यालाही कमाई मानता येत नाही. ही गोष्ट कळायला अवघड नाही, पण पत्करायला फार अवघड आहे, आणि माझ्या मते ती पाप्यापेक्षा पुण्यवानालाच अधिक अवघड जाते. ज्याच्या खाती काहीच जमा नाही त्याला माफी मिळाली तर तो ती दोन्ही हातांनी घेईल. परंतु ज्याने जन्मभर उपासतापास, दानधर्म, पाठांतर आणि यात्रा करून आपले खाते भरून ठेवले आहे, त्याला ते बाजूला ठेवून अकराव्या तासाच्या मजुरांच्या रांगेत उभे राहायला सांगणे म्हणजे त्याचे उभे आयुष्य फुकट गेले असे सांगण्यासारखेच आहे. या प्रसंगातून प्रत्यक्ष गेलेली आणि त्याचा वृत्तान्त लिहून ठेवणारी व्यक्ती मराठी समाजात होऊन गेली. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला होता. दातृत्वापायी घरदार गमावल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि वर्षानुवर्षे चालतच राहिले. देवळाच्या आवारात पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी, हाती उरेल ते पुन्हा ब्राह्मणांना दान द्यावे, आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना कोवळ्या वयातच मुखोद्गत झाले. दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने दागदागिने आणि भांडीकुंडी विकली, देवतांची अनुष्ठाने चालू ठेवली, आणि शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. मोलमजुरी करणे त्यांच्या संस्कारात बसत नव्हते आणि भीक मागणे त्यांच्या मानात बसत नव्हते. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली, आणि रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास हे दोघेच अनवाणी हिंदुस्थान पालथा घालत उरले.

या भटकंतीतली एक हकीकत त्यांनी आपल्या १९०७ सालच्या आत्मवृत्तपर लेखनात नमूद केली आहे. हिमालयातल्या एका पवित्र सरोवरात सात डोंगर तरंगत असतात, आणि यात्रेकरू निष्पाप असेल तर ते त्याच्याकडे सरकत येतात, पापी असेल तर जागचे हलत नाहीत, अशी तिथली ख्याती होती. पाण्यात मगरी आहेत, कोणी उतरू नये, असा पुजाऱ्यांचा इशारा होता. श्रीनिवास भल्या पहाटे, कोणी पाहत नाही असे बघून, पोहत गेला. ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेले दगडमातीचे ढीग असून वर झाडे लावलेली आहेत, मागे लहानशी होडी आहे, आणि दक्षिणा पोचली की होडीतला माणूस ढकलतो तेव्हा ते सरकतात, असा शोध त्याला लागला. यावर हसून सोडून देणे सोपे आहे. परंतु असे तराफे कोणत्याही धर्माच्या तळ्यात आढळतात. १५१७ साली जर्मनीत पापदंडाच्या माफीचे कागद पैसे घेऊन विकले जात होते, आणि मार्टिन ल्यूथरने आपली पंच्याण्णव विधाने लिहिली ती त्याच व्यापाराविरुद्ध.

पुढचा इतिहास बऱ्याच वाचकांना परिचित आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे किताब दिले. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म, लवकरच आलेले वैधव्य, १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, आणि १८८३ साली इंग्लंडला प्रयाण. तेथे वाँटेज गावच्या भगिनीमंडळात त्या राहिल्या. त्या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांच्या आश्रमाने त्यांना हलवले. या बायकांना कोणी माणूस म्हणून जवळ घ्यावे, ही गोष्ट त्यांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना तिथे वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे साधारण चरित्रकार धर्मांतराचे प्रकरण मिटवतो आणि त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाकडे वळतो. रमाबाईंच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे मात्र ते प्रकरण आणखी आठ वर्षे मिटले नव्हते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, वाँटेजच्या भगिनींशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर कडाक्याचा पत्रव्यवहार केला, अमेरिकेत गावोगाव व्याख्याने दिली, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले गाजलेले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले; आणि एवढे करूनही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पूर्वी यात्रा आणि पारायणे यांच्या बळावर जे मिळवायचे होते, ते आता बाप्तिस्मा, उपासना आणि विधवांची सेवा यांच्या बळावर मिळवायचे, एवढाच फरक पडला होता. हजेरीपट बदलला होता, हजेरी तशीच चालू होती.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. हॅस्लमची कथा मोठी मौजेची आहे. कॉर्नवॉलमधल्या बॉल्डू गावचा हा पाद्री. चर्चच्या विधींची टापटीप राखणारा, कामसू, सज्जन. एका स्नेह्याने त्याला तोंडावर सांगितले, की तुझे अजून परिवर्तनच झालेले नाही. १८५१ सालच्या एका रविवारी तो अशाच अस्वस्थ मनःस्थितीत व्यासपीठावर चढला, ख्रिस्ताविषयी तुमचे काय मत आहे या प्रश्नावर बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याच्याच शब्दांचा अर्थ त्याला प्रथम उमगला. ऐकणाऱ्यांतल्या एका मेथॉडिस्ट उपदेशकाने ते त्याच्या चेहऱ्यावर ओळखले आणि पाद्रीसाहेबांचे परिवर्तन झाले म्हणून भर प्रार्थनेत आरोळी ठोकली! स्वतःच्या प्रवचनाने स्वतःच तरलेला पाद्री म्हणून तो प्रसिद्धी पावला. स्वतः दुसऱ्यांना मार्ग दाखवत असताना आपणच तो चाललो नाही, हे ज्याला कळले अशा माणसाचे पुस्तक रमाबाईंच्या हाती पडावे, हे त्यांच्या दृष्टीने नेमके झाले. तारण ही पुढे कधीतरी, पुरेशी पात्रता साचल्यावर, हाती येणारी वस्तू नसून ती आजच, आहे त्या स्थितीत, विनामूल्य स्वीकारायची आहे, असा निर्णय त्यांच्या मनाने दिला. आपण पात्र नाही, ही जाणीव अडथळा न राहता प्रवेशाचा परवाना झाली.

पुढची गोष्ट या सिद्धान्ताच्या टीकाकारांनी विशेष पाहण्याजोगी आहे. कृत्यांनी काही मिळत नाही असे एकदा ठरले, म्हणजे माणूस हात जोडून स्वस्थ बसेल, किंबहुना मनसोक्त पाप करील, हा आक्षेप पौलाच्या हयातीतच निघाला होता आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने त्याचा समाचार घेतला आहे. रमाबाईंच्या बाबतीत घडले ते उलटेच. १८९६ सालच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळाने हाहाकार उडवला, तेव्हा वीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात पाला खाऊन जगलेल्या या बाईला पुण्यात राहवले नाही. त्या स्वतः मध्य प्रांतात आल्या, सरकारी मदतकेंद्रे आणि अनाथगृहे त्यांनी फिरून पाहिली, तिथे तरुण मुलींची कशी विटंबना चालली आहे ते निर्भीडपणे लिहिले, आणि सुमारे ३०० मुलींना आणि बायकांना घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळरानावर उभी राहिलेली वसाहत म्हणजेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंधांसाठी शिक्षण, असे ते एक स्वतंत्र संस्थानच होते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातल्या ज्या उताऱ्यात कृत्यांनी तारण होत नाही असे म्हटले आहे, त्याच्या लगतच्याच वचनात माणूस सत्कृत्यांसाठी घडवला गेला आहे असेही म्हटले आहे. मजुरी आधीच हाती पडलेला मजूर अधिक मन लावून काम करतो, ही गोष्ट कोणत्याही मुकादमाला पटणार नाही. केडगावात ती खरी ठरली, एवढे मात्र खरे.

अर्थात दुष्काळातल्या या कार्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मध्य प्रदेशात राहणाऱ्या लेखकाने टाळणे बरे दिसणार नाही. उपाशी माणसाला भाकरी देणारा हात त्याच वेळी धर्मही देऊ लागला, तर घेणारा नेमके काय घेतो आहे, हा प्रश्न रास्त आहे. शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत बसू लागल्या तेव्हा १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ साली बाहेर आला, आणि १९६८ साली बळ, प्रलोभन अथवा कपट यांच्या योगे होणाऱ्या धर्मांतरास बंदी करणारा कायदा या राज्यात झाला. त्या अहवालातले सर्व निष्कर्ष मला मान्य नाहीत, आणि त्या कायद्याचा अंमल प्रत्येक वेळी न्यायाने झाला असेही म्हणवत नाही. परंतु एक गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते : ज्या सिद्धान्तात तारणाला किंमत नाही, त्यात ते विकत घेता येत नाही तसे विकत देताही येत नाही. धर्मांतरितांची संख्या अहवालात भरून वरिष्ठांकडे धाडणारा मिशनरी पौलाच्या कसोटीवर उतरेल की नाही, याची मला शंका आहे, कारण ती संख्याही शेवटी हजेरीच.

ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नावर झालेले वाद पुष्कळ आहेत, त्यांतले एकदोनच येथे पुरेत. पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या सच्छील तपस्व्याने माणूस आपल्या इच्छाबळावर पुण्यमार्गाने चालू शकतो असे प्रतिपादले, त्याचे खंडन ऑगस्टिनने केले, आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचे मत त्याज्य ठरवले. ल्यूथरने कृपेच्या पक्षाला इतकी धार आणली, की विश्वासाला कृत्यांची जोड हवी असे सांगणारे याकोबाचे पत्र त्याला गवताच्या काडीसारखे निःसत्त्व वाटले. रोमन कॅथलिक मंडळीने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत याला उत्तर दिले, त्यात आरंभ कृपेचाच हे कबूल केले, पण माणसाचे सहकार्य आणि प्रीतीने जिवंत झालेला विश्वास यांवर भर दिला. वसई आणि गोव्याकडच्या मराठी व कोंकणी कॅथलिकांची शिकवण याच परंपरेतली. साडेचारशे वर्षे एकमेकांना शापवाणी उच्चारल्यावर ल्यूथरन आणि कॅथलिक या दोन्ही पक्षांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि मूलभूत सत्यांबाबत आपले एकमत आहे असे घोषित केले. २००६ साली मेथॉडिस्टांनीही त्याला आपली संमती दिली.

मेथॉडिस्टांचा उल्लेख उकव्याच्या वाचकाला जवळचा वाटावा, कारण बालाघाट जिल्ह्यातले प्रॉटेस्टंट मिशनकार्य त्यांच्याच हाती आले. त्यांचा प्रवर्तक जॉन वेस्ली हाही भरल्या खात्याचा माणूस : ऑक्सफर्डमध्ये नेमधर्माने उपास करणारा, तुरुंगातल्या कैद्यांना भेटणारा, अमेरिकेत धर्मप्रचारास जाऊन हात हलवत परतलेला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना कोणी वाचत असता त्याच्या अंतःकरणात ऊब आली, आणि पौल, ल्यूथर, वेस्ली अशी ती साखळी जुळली. इकडे बैहरला रेव्हरंड जे. लॅम्पर्ड नावाचे मिशनरी होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिजमातींवरील बृहद्ग्रंथातले बैगांचे प्रकरण बऱ्याच अंशी त्यांच्या टिपणावर आधारलेले आहे. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे हे पाप मानून बेवार पद्धतीने शेती करणाऱ्या बैगांना पापक्षालनाचा हा सिद्धान्त कसा समजावून सांगितला जात असेल, हे कुतूहल मला नेहमी वाटत आले आहे. बैगा हा गोंडांच्या गावचा पुजारी. देवाला काय दिले असता तो संतुष्ट होतो हे सांगणे हाच त्याचा मान आणि हीच त्याची मिरास. काहीच द्यायचे नाही, असे सांगणारा धर्म त्याच्या वतनावरच घाला घालतो.

मराठी वाचकाला ही शिकवण सर्वस्वी परकी आहे असे मात्र समजू नये. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री यांचे कुटुंब ज्या दक्षिणेत, तिरुपतीच्या परिसरात, दिवस कंठत होते, त्याच दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांत तेराव्या-चौदाव्या शतकांपासून हा वाद चालत आलेला आहे. पिल्लै लोकाचार्यांचा तेंगळै पक्ष म्हणतो, की मांजरीचे पिलू काही करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तसा जीव. वेदान्तदेशिकांचा वडगळै पक्ष म्हणतो, की माकडिणीच्या पिलाला निदान आईच्या पोटाला घट्ट धरावे लागते. ट्रेंट आणि ल्यूथर यांच्यातला भेद याहून फार निराळा नाही. फरक पडतो तो दुसऱ्या ठिकाणी : ख्रिस्ती शिकवणीत कृपेला इतिहासातल्या एका ठरावीक घटनेचा, पंतय पिलाताच्या अमदानीत झालेल्या एका देहान्त शिक्षेचा, आधार आहे, आणि जन्मोजन्मीच्या कर्मविपाकाची कल्पना तिथे नाही. आमच्या संतांपैकी तुकोबांनी तर स्वतःच्या पतितपणाचा इतका उघड उच्चार केला आहे, की विठ्ठलापुढे ते पात्रतेचा कागद कधी पुढे करतच नाहीत.

म्हणूनच कवी नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे उद्गार काढले, त्यात चमत्कृतीपेक्षा वस्तुस्थिती अधिक होती. टिळकांचा संबंध आमच्या या भागाशीही आहे. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करत होते आणि पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरीस गेले. त्या सुमारास आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना त्यात आवडले ते डोंगरावरील प्रवचन, म्हणजे उच्च नीतीचा आदर्श. रमाबाईंसारखी आपल्या अपात्रतेची जाणीव त्यांच्या वाटेच्या आरंभी नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसेक वर्षे पगारी काम केले, भजने आणि कविता लिहिल्या, 'ख्रिस्तायन' हे काव्य हाती घेतले. आणि १९१७ साली, वय झालेले, प्रपंच पाठीशी, पत्नी लक्ष्मीबाईंच्या समंजस चिंतेला न जुमानता, त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात येणाऱ्याला बाप्तिस्म्याची अट घातली नाही. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही तिथे सारख्याच हक्काने बसावेत अशी त्यांची योजना होती. मिशनच्या वर्तुळात पुष्कळांना हे रुचले नाही, आणि पहाटेपासून राबलेल्यांना ते रुचू नये यात नवल नाही. दरबार नीट उभा राहण्याआधीच ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी, लिहायवाचायला नवऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या त्या बाईंनी, पुरे केले.